दात कोण खातं

४ जानेवारी १९३२
हरिश्चंद्र अव्वल कारकून झाला! टिपण कसं लिहावं ते ज्याला मी शिकवलं, तो. कचेरीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसत हसत पहिला हार घातला.
घरी सगुणेनं विचारलं, "मनाला लागलं का?"
म्हटलं, "मला कुठं काय वाटतंय?"
सोलकढी दोनदा मागून घेतली. ज्याला काही वाटतं, तो माणूस सोलकढी मागून घेतो का?

८ जानेवारी
गंगुआत्या सकाळी चुलीशी शेकत बसली होती. म्हणाली, "आप्पा, रात्री घरात कोणतरी दात खातं रे. जात्यात वाळू दळावी तसा आवाज. बरं लक्षण नव्हे. झोपेत दात खाणारं माणूस घर खातं."
घरात माणसं तीन. आत्याच्या तोंडात दात औषधालाही नाही. मी शांत माणूस. उरली सगुणा.

९ जानेवारी
जंत! दुसरं काय? पोटात जंत झाले की माणूस दात खातं, हे शेंबडं पोरही सांगेल. सगुणेला रात्री वावडिंगाचा काढा आणि सकाळी एरंडेल सुरू केलं.
ती भाट्याला माहेरी जाऊ का विचारत होती. आई अंथरुणाला खिळलीय म्हणे. तरीच्या होडीतून खाडी ओलांडली की माहेर — पळून जातंय थोडंच! पण हरिश्चंद्राची पानसुपारी आपल्या अंगणात करायचं मी कबूल करून बसलोय. म्हटलं, ती होऊ दे, मग जा. "बरं," म्हणाली आणि एरंडेल पिऊन टाकलं. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

१५ जानेवारी
उजवी दाढ ठणकते आहे. सकाळी जबडा उघडत नाही. वाऱ्यानं असेल. लवंग धरली.
आत्या म्हणते आवाज वाढला. सगुणेचं एरंडेल वाढवलं.

१९ जानेवारी
पानसुपारी थाटात झाली. भाषण माझंच. "आमचे हरिश्चंद्र म्हणजे कचेरीचा दागिना" म्हणालो, आणि 'दागिना'वर दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लोक म्हणाले, आप्पांचं मन किती मोठं, गहिवरून आलं बघा. हरिश्चंद्र पाया पडला. नंतर मित्रांत बसून फारच दात काढत होता. असो. मला काही वाटत नाही.
सगुणा पहाटेपासून चुलीपुढे होती. पोहे सर्वांनी वाखाणले.

२१ जानेवारी
सगुणेला भाट्याला पाठवलं. आईसाठी — आणि खरं सांगायचं तर परीक्षेसाठीही. आता घर शांत होईल.

२२ जानेवारी
आत्या म्हणाली, "आवाज होताच रे. काल तर अडकित्ता चालावा तसा."
म्हटलं, "उंदीर असेल."
आत्या बोळक्या तोंडानं हसली. "हो हो. अव्वल कारकून व्हायचा राहिलेला उंदीर."

२५ जानेवारी
भाताच्या घासात खडा लागला. सगुणेच्या नावानं ओरडणार, तर ती घरात नाही. हातावर घेऊन पाहिलं. दाढेचा तुकडा!
मुंबईच्या बोटीनं दातांचे एक डॉक्टर आलेत, मांडवीला उतरलेत. तोंडात आरसा घालून म्हणाले, "झोपेत दात खाता. दाढा झिजून सपाट झाल्यात. मनाला काय लागलंय?" तोंडात आरसा असल्यामुळे माझं नेहमीचं उत्तर नीट देता आलं नाही. नंतर विचारलं, "जंत नसतील?" त्यांना हसू आवरेना.
"दिवसा गिळलेला राग रात्री दात चावत बसतात," म्हणाले. "घरात कुणाशी तरी बोला. नाहीतर कवळी करून घ्या."
फुटकी दाढ काढून हातात दिली.

२८ जानेवारी
सगुणा संध्याकाळी परत आली. पाय धुऊन होताहेत तोवर तिला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, फार वाटलं. हार घालताना त्याचा गळाच आवळावा असं मनात आलं होतं, तेही सांगितलं. रडलो. ती पाठीवरून हात फिरवत बसली.
म्हटलं, "दात तू खात नव्हतीस, तर एरंडेल का पीत राहिलीस?"
"इकडून विचारलं कुठं?" म्हणाली. "पाजलं, मी प्याले."
जेवून जो आडवा झालो तो उन्हं वर आल्यावर उठलो.

२ फेब्रुवारी
जबडा हलका. हरिश्चंद्राला फायलीतली चूक दाखवली, दोघंही हसलो. डॉक्टर म्हणजे देवमाणूस. बोललं की सगळं सुटतं, हे कचेरीत चौघांना सांगितलं.

५ फेब्रुवारी
आत्या म्हणाली, पुन्हा आवाज येतो. मी नव्हे! छातीठोकपणे सांगितलं.

६ फेब्रुवारी
मुद्दाम जागा राहिलो. सगुणा दात खात होती.
सकाळी आत्याशी बोललो. ती म्हणाली, "खाईल नाहीतर काय करील? तिच्या आईची ओळखच गेली. तुझी पानसुपारी होईस्तो 'सगुणा, सगुणा' करीत होती म्हातारी. ही पोचली तेव्हा 'तू कोण गो?' म्हणून विचारलंन. तुला ठाऊक नाही?"
मी विचारलंच नव्हतं.
सगुणा चहा घेऊन आली. म्हटलं, "मनाला फार लागलं का?"
कप पुढे ठेवून ती हसली.
"मला कुठं काय वाटतंय?"