कोणी वापरत नाही ते

३ जून
नवी नोकरी, नवं शहर, खिडकीजवळची जागा. खुर्ची कुरकुरते, मीही कुरकुरतो, जमेल आमचं. कॉम्प्युटर आधीच्या माणसाचा, आप्पांचा. प्रोग्राम ज्याच्यावर चालतात त्या रनटाइमची तीन व्हर्जनं त्यात गुण्यागोविंदाने नांदतात. सगळ्यात जुनं आठ नंबरचं. प्रत्येक फोल्डरमध्ये आप्पांची इवलीशी फाइल: इथे अमुक व्हर्जन लागतं. फोल्डरमध्ये शिरलं, की मशीन आपोआप व्हर्जन बदलतं. एवढी शिस्त पाहून आनंद झाला. थोडासा.

राहायला ऑफिसचं घर मिळालं, तेही आप्पांचंच. सौ. खूश.

७ जून
ऑफिसात आप्पांची आरती ओवाळायचीच काय ती बाकी आहे. आप्पा गेले कुठे, असं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, जातात कुठे, सगळं त्यांच्यावरच तर चाललंय.

मी माझं नवं, बावीस नंबरचं व्हर्जन घातलं, आणि सगळ्या फाइलींत आठच्या जागी बावीस लिहिलं. बघू आता.

१२ जून
निम्मे प्रोग्राम आडवे झाले. जेवून आलो तर सगळं सुरळीत. फाइलींत पुन्हा आठ. हात कोणीच लावला नव्हता म्हणे. साहेबांनी पाठ थोपटली, "वा, आप्पा!" मी नावाची चूक सुधारली नाही. शाबासकी होती.

१६ जून
सौ.ने बिनसाखरेचा चहा पुढे केला. लग्न झाल्यापासून मी दोन चमचे घेतो. ती म्हणाली, कालच नाही का म्हणालात, साखर सोडली म्हणून? काल मी रुसून बसलो होतो, तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. सांगताना ती लाजली. माझ्यासाठी शेवटची कधी लाजली होती?

१९ जून
दुपारीच घरी गेलो. दाराबाहेर ऐकू आलं: ती हसत होती. एक पुरुषही. उंबरा ओलांडला, आणि आत कोणी नाही. फक्त दोन कप. ती म्हणाली, आत्ता तर इथे बसला होतात, चपला घालून कुठे गेलात?

उंबरा ओलांडला, की बदलतं.

२१ जून
आठ पुसतो, परत येतं. म्हणून मोठी आज्ञा दिली: कोणी वापरत नाही ते व्हर्जन कायमचं काढ. मशीनने विचारलं, नक्की? रागाच्या भरात हो म्हटलं. फाइली आधी बघायला हव्या होत्या. सगळीकडे आठ. आठ वापरात होतं. गेलं ते बावीस. माझं—

बाईंनी माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मी तिथे बसलो होतो.

घरी
दार उघडं. हाक मारली. सौ.ने मान वर केली, माझ्या आरपार रस्त्याकडे पाहिलं, आणि आत वळून म्हणाली, "अहो, दार लावून घ्या ना, वारा येतोय."

इतक्या मायेने.

तो येतोय. माझ्या चपला— मी अजून उंबऱ्यावर— कोणीतरी सांगा तिला, दोन चमचे, मी दोन चम