बाबांनी पंप जप्त केला

२ मे

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ख्यालीखुशालीच्या आधी शुगर विचारतेस, म्हणून हे पत्र. तू आणलेला पंप कमरेला आहे आणि सेन्सर दंडावर. सेन्सर शुगर मोजतो, पंप इन्सुलिन सोडतो आणि आकडा तुझ्या फोनवर जातो. म्हणजे बिस्किट मी इथे खायचं आणि ओरडा तिथून यायचा. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासले, आता माझ्याच अंगावर काटा बसवलाय.

काल त्याने दोनशे चाळीस दाखवले. मी नुसती काकडी खाल्ली होती. काटा खोटा आहे असा माझा संशय आहे. हे ऐकून तुझी आई हसली आणि परत पाणी प्यायला उठली.

लोभ असावा, आकडा कितीही येवो.

तुझा बाबा

६ मे

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

काकडीने शुगर दोनशे चाळीस होत नाही. काकडीच्या शेजारी केक होता का, असं आईला फोनवर विचारलं, तर म्हणाली की हल्ली तिला नीट दिसत नाही. तुमची वकीलच ती!

बाबा, चेष्टा पुरे. गेल्या वर्षी शुगर उतरून तुम्ही बँकेच्या रांगेत कोसळलात. तेव्हापासून फोन वाजला की उचलण्याआधी मी तुमचा आकडा बघते. मला भीती वाटते, म्हणून ओरडते. पंप काढू नका, एवढंच मागणं.

लोभ आहेच, थोडं पथ्यही असावं.

तुमची छोटी

११ मे

चि. छोटीस आशीर्वाद.

पंप जप्त केला आहे. दोरा बांधून, लाखेचं सील ठोकून कपाटात ठेवलाय. घाबरू नकोस, डॉक्टरांना विचारून जुनी इंजेक्शनं सुरू केली आहेत.

आता पंचनामा वाच. काट्याचा संशय आला की त्यावर प्रमाण वजन ठेवायचं, म्हणजे ज्याच्याबद्दल शंकाच नाही असं. आपल्या घरात तसं एकच, तुझी आई. एक दिवस अंथरुणाला खिळली नाही. पंप सोडवून ठेवला आणि नवा सेन्सर तिच्या दंडाला लावला. उपाशीपोटी आकडा आला दोनशे ऐंशी! धडधाकट बाईला दोनशे ऐंशी दाखवणारं यंत्र माझ्यावर आरोप करतं, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. कंपनीला नोटीस लिहायला घेतली आहे.

लोभ असावा, माफी मागितलीस तरी चालेल.

तुझा बाबा

१९ मे

चि. छोटीस आशीर्वाद.

पत्र वाचून तुझा फोन आला तशी यांनी मला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. मला शुगर आहे, चांगली मुरलेली. तहान कधीपासून लागते, वजन कधीपासून उतरलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी वर्ष झालं म्हटलं. घरात इतकी मोजणी चालते, मग हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी यांना विचारलं. यांनी माझा रिपोर्ट मागून घेतला आणि चष्मा लावून दोनदा वाचला.

घरी येऊन यांनी स्वतःच सील तोडलं आणि पंप लावला. नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला आता माझं पथ्य लिहिलंय. बिस्किटांचा डबा शेजारणीला गेला. त्याचं दुःख आम्हा दोघांनाही झालं.

बारा वर्षं मी सकाळी उठून आधी यांचा आकडा विचारला. आज हे माझ्या आधी उठले, माझ्या उशाशी बसले आणि माझा आकडा विचारला. वाईट होता ग आकडा. पण मला इतकं बरं वाटलं की मी रडले.

लोभ असावा, आता दोघांवर.

तुझी आई