भुरी गाय काळी झाली, तिचा ताबा मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
जप्त जनावरे विभाग,
नागपूर ग्रामीण

विषय : काच खाल्लेली गाय मालकिणीला परत देण्याबाबत.
संदर्भ : याआधीचे तीन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. अर्जदार गिरिधर देवराव भोयर, एम.एस्सी. दुसरं वर्ष, राहणार जरीपटका, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काच बनवतो. खिडकीची नाही साहेब, विरघळणारी. वाळूच्या जागी फॉस्फेट घातलं की काच पाण्यात हळूहळू झिजते आणि तिच्यात मिसळलेलं औषध रोज जरा जरा बाहेर येतं. एकदा गोळी दिली की आठ महिने पाहायचं काम नाही.

२. अर्जदाराची मावशी गोपिकाबाई कळमेश्वरकडे शेती करते. तिची काळी गाय दोन वर्षांत भुरी पडली, डोळ्यांभोवती तर चष्मा लावल्यासारखे पांढरे गोल. अंगात तांबं कमी आहे, असं ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. अर्जदाराने तांबं घातलेली काचेची गोळी केली आणि डॉक्टरांनीच ती नळीने गायीच्या पोटात सोडली. अर्जदाराची चूक एकच. आनंदाच्या भरात त्याने गावच्या पारावर सांगितलं, की आपण गायीला काच चारली.

३. दुसऱ्याच दिवशी आपले लोक आले. पंचनामा झाला : "भुरी गाय, पोटात काच, जिवास धोका." गाय पुरावा म्हणून कोंडवाड्यात गेली. काच जशीच्या तशी हजर करा, मग गाय न्या, असं सांगण्यात आलं. काच विरघळून राहिली आहे, असं अर्जदाराने लिहून दिलं. त्यावर पुरावा नष्ट करणं ताबडतोब थांबवा, अशी नोटीस आली. साहेब, ते अर्जदाराच्या हाती नाही. ते काम गाय करते.

४. आता चार महिन्यांत गाय काळीकुट्ट झाली, चष्मा उतरला, अंग चमकते. औषध लागू पडलं साहेब! डॉक्टरांचा दाखला घेऊन अर्जदार धावतच आपल्या कार्यालयात आला. लिपिकांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, आमच्याकडे भुरी गाय जमा आहे, काळी देता येत नाही. मावशी सोबतच होती. ती म्हणाली, "साहेब, माह्या हाकेले हंबरते ना ते, मंग रंग काहून पाहून राहिले?" हंबरण्याचा रकाना नाही, असं उत्तर मिळालं.

५. गाय गाभण आहे, पुढच्या महिन्यात विणार. वासरू तिच्या स्वतःच्या गोठ्यात जन्मावं, एवढंच मावशीचं म्हणणं आहे. तरी काळी गाय द्यावी. भुरीच द्यायची असल्यास, गोळी संपल्यावर ती आपोआप भुरी होईल. तोवर मावशीला रोज चारा टाकायला आत सोडावं.

६. लिपिकसाहेबांनी स्वतःच्या भुरकट म्हशीसाठी एक गोळी मागितली आहे. द्यावी काय, तेही कळवावं.

गायीच्या व मावशीच्या वतीने,
आपला नम्र
गिरिधर देवराव भोयर
३ ऑक्टोबर १९८४

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) तशीच एक गोळी, पाण्याच्या बाटलीत. अर्ज साहेबांच्या टेबलावर येईपर्यंत गोळी दिसेनाशी झाल्यास बाटलीतलं निळसर पाणी हाच पुरावा समजावा.