कवितेच्या उरलेल्या दोन ओळी

उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींना लागून किणकिण वाजत. स्टोव्हच्या फुरफुरीवरचा तो आवाज मी एकेचाळीस वर्षे ऐकला आणि अजूनही पहाटे पडल्यापडल्या ऐकतो. ज्याला इतका जुना आवाज इतका स्वच्छ ऐकू येतो, त्याचे डोके ठिकाणावर आहे असे कायद्याने मानावे. तेव्हा मी, या गल्लीतल्या दवाखान्याचा जुना कंपाउंडर, वय वर्षे एकोणऐंशी, कुणाच्याही दडपणाखाली नसताना, चहा घेऊन, स्वखुशीने व स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी एकही केलेले नाही. देण्यासारखे आपल्याकडे काही आहे, हे कळायलाच उशीर झाला.

कलम एक. घराचा खालचा मजला, त्यातील सामानासह, माझ्या मुलीला द्यावा. वरचा मजला धाकट्या भावाच्या नावे आहेच. त्याच्या जिन्याखालचा दिवा आमच्या मीटरवर चालतो, तो मुलीने तसाच चालू ठेवावा. धाकटा अकरा वर्षे माझ्याशी बोलत नाही. दिव्याशी त्याचे काही भांडण नाही. कारण नोंदवून ठेवतो. पुतणीच्या लग्नात तो भाषणाला उभा राहिला, मध्येच कविता म्हणू लागला आणि एक शब्द गाळला. मी तिसऱ्या रांगेतून तो मोठ्याने भरून दिला. शब्द गाळला होता हे खरेच आहे. मुलगी आत्ता खांद्यावरून वाचून म्हणते, "बाबा, मृत्युपत्रात तरी मागे घ्या." घेत नाही. मात्र मोठ्याने म्हणायला नको होते, एवढे लिहून देतो.

कलम दोन. तिसरीचे वाचनपुस्तक शाळेच्या ग्रंथालयाला द्यावे. बाविसाव्या पानाचा कोपरा फाटून कवीचे नाव गेले आहे, कविता शाबूत आहे. पुन्हा बांधणी करू नये, त्याला आमच्या वर्गाचा वास आहे.

कलम तीन. सिरिंजांचा निकेलचा डबा. मुलीला तो पेनांसाठी हवा आहे; मिळणार नाही. काच आणि सुया नीट नष्ट कराव्यात व रिकामा डबा आरोग्य केंद्राच्या सिस्टरला द्यावा. का, ते सांगतो.

मुलांना टोचताना मी कविता म्हणत असे. तीच, बाविसाव्या पानावरची:

वारा आला, दारी बसला, म्हणे, उघड ना दार;
पाय दुखतसे, गाव दूरचे, थकलो मी रे फार.

'फार' म्हटले की सुई आत. या गल्लीची एक अख्खी पिढी आजही यमक कानावर पडले की नकळत कंबरेला हात लावते. मास्तर, वकील, एक तर मोठा साहेब झालाय, पण हात तिथेच जातो. मला त्याची भारी गंमत वाटे.

मग दोन वर्षांपूर्वी ही सिस्टर वाचनालयाच्या ओसरीवर टेबल मांडून बसली. बोटाला टोचायचे, थेंबभर रक्त, वीस मिनिटे थांबायचे. यकृत पोखरणारा हेपटायटिस सी आहे की नाही ते कळते. मी म्हटले, "मला काय धाड भरलीय? खातोपितो, हिंडतो." ती म्हणाली, "आजोबा, हा आजार तीस तीस वर्षं गप्प बसतो. तुमच्यासारखा बडबड्या नाही." टोचून घेतले. निघाला. दंडातले रक्त घेऊन पुन्हा खात्री केली, तरीही निघाला. वापरलेल्या सुईला टोपण लावताना माझ्या बोटांना किती वेळा टोचले, त्याची मोजदाद नाही. बारा आठवडे रोज एक गोळी घेतली आणि बरा झालो. मुलीने तेवढे दिवस माझे ताट वेगळे मांडले होते. सिस्टरने घरी येऊन, माझ्याच ताटातला घास खाऊन तिला दाखवले की हा आजार रक्तातून जातो, ताटातून नाही.

कलम चार. माझी वही. हे कलम लिहायला सोपे नाही.

तापाची साथ होती. दारात चाळीस माणसांची रांग आणि स्टोव्हचे तेल संपलेले. मी डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले, सुई बदल, चालेल. मी सुई बदलत गेलो, सिरिंज तीच ठेवली, मधूनमधून गरम पाण्यातून काढली. आम्हाला तेव्हा तेवढेच पुरेसे वाटे. रक्ताचा अंश सिरिंजमध्ये मागे राहतो, हे सिस्टरने मला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी शिकवले.

कुणाला टोचले ते मी वहीत लिहीत असे, रडला की नाही यासह. ती वही मी सिस्टरकडे दिली. आम्ही दोघे दारोदार गेलो. ती आजार समजावून सांगे, मी वारा आला म्हणे, लोक शिव्या घालत हसत आणि बोट पुढे करत. चाळीसपैकी नऊ जण आधीच गेलेले. दूधवाल्याची बायको पोटात पाणी होऊन गेली; ते माझ्यामुळे होते का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तीस जणांची तपासणी झाली. सहांना निघाला, सहाही गोळ्या घेऊन बरे झाले. वही सिस्टरकडेच राहावी. तिच्यात एकच नाव उरले आहे, रांगेतले शेवटचे: "धाकटा. रडला नाही, पण चावला."

हल्ली तो जिना चढताना मध्ये बसतो. मी खालून मोजतो. पूर्वी एकदा बसे, आता तीनदा. सिस्टर वर गेली तर म्हणाला, "त्याला सांगा, त्याच्या कवितेपायी मला सुईचा धसका बसलाय. आता त्याच्या समाधानासाठी टोचून घेऊ होय?"

कलम पाच. म्हणून धाकट्या भावाला मी माझी सर्वांत मौल्यवान मिळकत देतो. ती कविता चार ओळींची आहे. पुढच्या दोन ओळी या गल्लीत कुणी ऐकलेल्याच नाहीत, कारण 'फार'नंतर रडारड सुरू होई. लग्नातल्या भाषणातही हीच कविता म्हणत तो तिथेच थांबला होता. पुढचे त्यालाही ठाऊक नाही. त्या दोन ओळी पाकिटात बंद केल्या आहेत. तपासणीचा कागद दाखवल्यावरच मुलीने पाकीट द्यावे. शाळेच्या ग्रंथालयातून चोरून वाचल्यास ती लबाडी समजावी.

कलम सहा. बँकेत जे असेल त्यातून तपासणीच्या ओसरीवर पाठ टेकायला येईल असा बाक घ्यावा, गादीसह. तिथे येणाऱ्या बऱ्याच जणांना मी टोचले आहे. लाकडी स्टुलावर वीस मिनिटे बसवून त्यांना आणखी छळू नये.

हे सर्व माझ्या मुलीने अमलात आणावे. वाचून पाहिले, बरोबर आहे, शुद्धलेखनही.

ठिकाण: खालच्या मजल्यावरची खिडकीची खोली
दिनांक: सतरा मार्च, मंगळवार, दुपारचे चार

सही: जुना कंपाउंडर
साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधदुकानदार (समक्ष सही केली)
साक्षीदार दुसरा:

दुसरी जागा निवृत्त पोस्टमनसाठी ठेवली आहे. आयुष्यभर लोकांना वेळेवर पत्रे दिली, स्वतः मात्र अर्धा तास उशिरा. ही बघा, आली थाप.

पोस्टमन नाही. दारात सिस्टर उभी आहे आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन, धापा टाकत, धाकटा. मुलीने वर जाऊन कलम पाच फोडलेले दिसते. त्याची सही घेता येणार नाही. ज्याला काही द्यायचे तो साक्षीदार नसावा, असे दुकानदार म्हणतो. धाकट्याने माझ्याकडे पाहिलेले नाही. माझ्या खुर्चीवर बसून त्याने बाही वर सारली. सिस्टर म्हणाली, "काका, बोट पुरे."

त्याने बोट पुढे केले आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा, म्हण. पण या खेपेला चारही ओळी. तिनं मध्येच टोचलं तरी थांबायचं नाही."

मी लेखणी ठेवतो.