धाकटीची वेल

४ जानेवारी

हाही तुकडा गेला! चामडं फार ओलं राहिलं. ठसा मारला तर पान उमटायच्या ऐवजी खड्डा पडला — चिखलात पाय रुतावा तसा.

ग्रंथालयाच्या बाईंना वह्यांच्या कव्हरांवर वेल हवी आहे. “मागच्या वेळी होती ना, तश्शीच!” मागच्या वेळची वेल मी काढलीच नव्हती. धाकटीनं काढली होती. मी कापणारी, शिवणारी, कडा घासून गुळगुळीत करणारी. नक्षी सगळी माझ्या जावेची.

हे बाईंना सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. आणि म्हटलं काय? “हो, करते की!” हात दाखवून अवलक्षण.

६ जानेवारी

धाकटी भिजवलेला तुकडा गालाला लावून बघायची. “जाऊबाई, ओलं नाही लागलं पाहिजे. नुसतं गार. गार लागलं की मारायचा ठसा.”

आज मी लावला. ओला की गार, काही कळेना. तशीच बसून राहिले, गालाला चामडं धरून. हे आत आले. “दात दुखतोय का?”

हो म्हटलं.

९ जानेवारी

भाऊजी आणि ती वेगळे होऊन वर्ष होत आलं. कोणी कोणाला फसवलं नाही, हात उगारला नाही. पटलं नाही, एवढंच. घरातलं बोलणं आटत गेलं आणि मग वकिलांचं सुरू झालं. मी चार दिवस माहेरी गेले होते. परत आले तर मागच्या खोलीत तिचा एप्रन अडकवायची खुंटी रिकामी. तिचा नंबरही बदलला. मी लावून पाहिला तर कोणी तिरसट गृहस्थ बोलले.

घटस्फोट त्या दोघांचा झाला, पण जाऊ माझी गेली! त्याचं कोणाला काय? सासूबाई म्हणतात, “आता ती आपली कोण?” घरात तिचं नाव काढायचं नाही, भाऊजींना त्रास होतो.

“आपण मध्ये पडू नये,” इति हे. मध्ये कुठे पडतेय? मी तर बाजूलाच पडलेय.

१२ जानेवारी

चामडेवाल्याकडे गेले होते. त्यानं गुंडाळी उलगडता उलगडता सहज म्हटलं, “हाच माल तुमच्या त्या दुसऱ्या ताई परवा घेऊन गेल्या.”

“कोण दुसऱ्या?”

“तुमच्याबरोबर यायच्या त्या. वास घेतल्याशिवाय घेत नाहीत, त्याच!”

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. म्हणजे ती याच शहरात आहे. म्हणजे अजून ठोकतेय, कोरतेय! पत्ता विचारला तर गडी मान हलवतो. “त्यांना विचारल्याशिवाय कसा देऊ, ताई? तुमचा कोणी मागितला तर देईन का मी?”

बरोबरच आहे त्याचं. राग आला तरी बरोबरच.

पिशवीत कापून तयार केलेलं एक कव्हर होतं. ते त्याच्याकडे ठेवलं. “त्या आल्या की द्या. म्हणावं, यावर वेल हवी आहे. कोणी दिलं ते सांगू नका.”

“त्यांना कळेल की.”

“कळू दे.”

१५ जानेवारी

ती अजून तिकडे फिरकलेली नाही.

१६ जानेवारी

आज मी जाणारच नव्हते. गेले. नाहीच!

१९ जानेवारी

आलं!!

वेल कोपऱ्यातून निघाली आहे, काठाकाठानं वर जाते, आणि मधेच काहीतरी आठवल्यासारखी आत वळते. प्रत्येक पानाची शीर निराळी. मी हजारदा ठोकलं तरी हे व्हायचं नाही.

“काही बोलल्या का?” मी विचारलं.

“हो. म्हणाल्या, कड फार पातळ तासलीय, शिवताना फाटेल.”

“आणि?”

“आणि म्हणाल्या, रापीला धार लावा.”

इतक्या महिन्यांनी पहिला निरोप, तोही बोलणी! घरापर्यंत हसत आले. रस्त्यातल्या लोकांना वाटलं असेल, बाईला वेड लागलं. आल्याआल्या चामडं तासायच्या रापीला धार लावली. केस कापला जाईल अशी!

मागच्या बाजूला काही खूण केली असेल म्हणून कव्हर खिडकीत उजेडाला धरून पाहिलं. छे! ती कसल्या खुणा करतेय? तोंडावर बोलणारी बाई ती.

२४ जानेवारी

बाकीची कव्हरंही तिच्याकडे पाठवली होती, आज वेल होऊन परत आली. यावेळी चामडेवाल्याला बजावलं होतं, तिला विचारा, खोकला कसा आहे? थंडीत तिला फार होतो.

“अरेच्चा! विसरलो,” म्हणे. त्याला तिथेच रापीनं तासावंसं वाटलं.

२८ जानेवारी

भाऊजींचं लग्न ठरलं.

होणारी नवरी आज येऊन गेली. चांगली आहे. तेच तर! वाईट असती तर राग तरी काढता आला असता. मला वाकून नमस्कार करून विचारलं, “वहिनी, तुम्ही चामड्याचं काम करता ना? मला बघायचंय.” मी “हो, बघू ना” म्हटलं आणि उगाच कप उचलून आत गेले.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मागची खोली रंगवून घेऊ, ती या दोघांना होईल. तेवढं तुझं टेबल हलव. तो वास नव्या माणसाला कशाला?”

“कुठे हलवू, आई?”

“विकून टाक. नाहीतर गच्चीवर ने.”

भाऊजी खाली बघत होते. म्हणाले, “वहिनी, मी असं सांगितलेलं नाही हं.” मला माहीत आहे. त्या बिचाऱ्याला कोण विचारतं? दोन्ही लग्नांच्या वेळी नाहीच विचारलं.

२ फेब्रुवारी

चामडेवाल्याला सांगितलं, “त्यांना एवढंच सांगा — टेबल जातंय.”

“त्यावर पण वेल काढायची का?”

“नाही हो! नुसतं सांगा.”

५ फेब्रुवारी

ग्रंथालयाच्या बाई कव्हरं घ्यायला आल्या. बोटांनी वेल चाचपत राहिल्या. “काय जादू आहे हो तुमच्या हातात!”

“माझ्या नाही,” मी म्हटलं. “माझ्या जावेच्या. नक्षी तीच करते.”

करते म्हटलं मी! करायची नाही. तेही बाहेरच्या खोलीत, खणखणीत आवाजात. सासूबाई पलंगावर शर्टाला बटण लावत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला दिसला. आता माझी धडगत नाही असं वाटलं.

संध्याकाळपर्यंत काहीच नाही. मग कपड्यांच्या घड्या करताना एकदम, “हात चांगलाच होता तिचा.” पुढची घडी झाली. “एकटीच राहते का?”

“माहीत नाही, आई.”

“हं,” म्हणाल्या. आणि माझी घडी मोडून परत घातली. माझ्या घड्या त्यांना कधीच पसंत पडलेल्या नाहीत.

८ फेब्रुवारी

रंगारी आलेत. टेबल बोळकांडीत आडवं पडलंय, जो येतो तो त्याला धडकतो आणि माझ्याकडे बघतो.

आज हाताला काम नाही, म्हणून लिहिते. मी आणि धाकटी त्या टेबलाशी समोरासमोर बसायचो, पण बोलायचो कुठे फारसं? तिचे दात ओठावर, मान खाली. तिची लाकडी हातोडी टक् टक् चालायची आणि त्या ठेक्यावर माझ्या दोन्ही सुया आरपार जायच्या. ती थांबली की मीही थांबायचे, आपोआप. मग ती वर बघायची — “चहा?” एवढंच! भांडण असो, पाहुणे असोत, सासूबाईंचं काही असो, ती हातोडी चालू झाली की घर जरा लांब जायचं.

गेलं वर्षभर मी एकटी शिवतेय. टाके सरळ येतात, मजबूत येतात. पण सुई ओढताना कान उगाच कशाची तरी वाट बघत राहतो.

चामडेवाला म्हणाला, निरोप दिला. “मग?” “मग काही नाही. पिशवी उचलली नि गेल्या.”

संपलं म्हणायचं.

९ फेब्रुवारी

धाकटी आली! टेम्पो घेऊन. केस आखूड कापलेत. दाराबाहेरच उभी. “आत नाही येणार, जाऊबाई. मी एक खोली घेतलीय कामाला. मोठी खिडकी आहे. टेबल न्यायला आलेय.” मग खोकली, आणि म्हणाली, “तुम्ही रोज यायचं.”

घरात मी आणि सासूबाई दोघीच, रंगारीही अजून यायचे होते. मी टेबलाचं एक टोक धरलं. सासूबाई पलंगावरून उठल्या. दुसरं टोक धरलं. “तिरकं कर, तसं निघायचं नाही.”

दारात धाकटीनं माझ्या हातातलं टोक घेतलं. सासूबाई उलट्या पावलांनी पायऱ्या उतरू लागल्या.

“सावकाश, आई,” धाकटी म्हणाली.

“तूच सावकाश. वाळलीस किती!”

मी हत्यारांचा डबा आणायला आत पळाले.