समितीत कुणालाच न येणारी भाषा

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

तुमची पाठदुखी कशी आहे? दादाचं घोरणं कसं आहे हे विचारत नाही, परवा फोनवर ते मागून ऐकू येत होतं. (आताही फोनच केला असता, पण उचलतो दादा आणि माझं ऐकून नुसता हसत सुटतो.) इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे मी सोडून.

तर आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रोग्रामिंगची कुठली भाषा शिकवायची, यावर समिती बसली. (बसली ती बसलीच, उठायचं नाव नाही.) पोरांचं हित सगळ्यांना इतकं प्यारं, की प्रत्येकाने नेमकी तीच भाषा सुचवली जिच्या नोट्स त्याच्या कपाटात तयार होत्या. विभागप्रमुख म्हणाले, सी. सीने पाया पक्का होतो. (त्यांच्या नोट्सचं पान उलटलं की तुकडा हातात येतो.) गणिताच्या बाई म्हणाल्या, पायथन, पोरं रडणार नाहीत. कंपनीवाले सर कधीकाळी सहा महिने कंपनीत होते आणि मनाने अजून परतलेले नाहीत. ते म्हणाले, जावा आली नाही तर पोरांना दारात कोण उभं करणार? त्यावर बाईंनी त्यांना विचारलं, मग तुम्हाला कंपनीने का सोडलं? मग काय, चहा गार होईपर्यंत नुसती जुंपलेली.

माझं डोकं फिरलं. ताडकन उठलो आणि म्हणालो, रस्ट! वहिनी, तुमच्या ऑफिसात हीच भाषा चालते ना? त्या दिवशी जेवताना तुम्ही सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं: वस्तू उसनी दिली की ती परत येईपर्यंत मालकानेही तिला हात लावायचा नाही. कुणी एक प्रश्न विचारेल तर शपथ! विचारणार कसा, आपल्याला येत नाही हे कळलं असतं ना. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि ठराव एकमताने पास. जी भाषा समितीत (माझ्याखेरीज) कुणालाच येत नाही ती सर्वांना मान्य. यापेक्षा निःपक्षपाती निवड कुठे बघायला मिळणार? मी खुशीत दप्तर आवरत होतो, तर प्रमुख म्हणाले, "सुचवलीत तुम्ही, शिकवा तुम्हीच. पहिल्या तासाला मी स्वतः मागच्या बाकावर बसणार."

पंधरा दिवसांनी सत्र सुरू होतंय. बाकी विशेष काही नाही. दादाला हे पत्र दाखवू नये, ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक (आता तर फारच),
धाकटा दीर

ता. क. वर कंसातलं "माझ्याखेरीज" खोडून वाचावं. मला त्या जेवणातल्या वाक्यापलीकडे काहीही येत नाही, आणि त्या वाक्याचाही अर्थ मी तुम्हाला विचारणारच होतो. वहिनी, घाम फुटलाय हो. नवीन पोरं विश्वासाने समोर येऊन बसणार, त्यांच्याकडे पाठ करून फळा किती वेळ पुसत राहू? रविवारपासून रोज संध्याकाळी येतो. भांडी घासेन, तुमची पाठ शेकायला पाणी तापवून देईन, दादाचं घोरणं ऐकेन. पण मला शिकवा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात प्रमुख आले, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "तुम्ही हे कुणाकडे शिकलात हो? मागच्या बाकावर बसून मला काहीतरी कळतंय असं दिसायला नको का?" तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाले मलाही न्या; माझ्याने नाही म्हणवेना. रविवारी तेही येताहेत. त्यांनाही शिकवा, पण तुमच्या पाया पडतो, माझ्यापेक्षा एक धडा मागे ठेवा.