बाळाच्या सातव्याला सोडत नाहीत

सोमवार, १० नोव्हेंबर

फाटकाबाहेर पहारेकरी सोडत नाहीतच, आणि वर म्हणे, खिडकीतही उभ्या राहू नका. खिडकीत! नवरा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून मी काय कोंबडी आहे, टोपलीखाली झाकायला? अकरा दिवस झाले या महालात. जुने राष्ट्राध्यक्ष जेवता जेवता गेले, आणि उपाध्यक्ष म्हणून यांना खुर्चीवर बसवलं. उपाध्यक्ष तरी का केलेलं? गुरांचा डॉक्टर, कुणाला नाही म्हणत नाही, फोटोपुरता बरा — म्हणून. मलाही तसंच वाटायचं.

मंगळवार, ११

गावाहून फोन. आमच्या लेकीला, इनशिराहला मुलगी झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी. सोमवारी सातवा, बाळाचा सातव्या दिवसाचा सोहळा. बाळाला चाळणीत ठेवायचं, आणि आजीने कानाशी पितळी खल बडवून सांगायचं — आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस. इनशिराहची सासू वारली. माझ्याशिवाय आहे कोण?

बुधवार, १२

गावी सोड म्हटलं, तर पहाऱ्यावरचा मेजर वगदी मानाने म्हणतो, “हाज्जा, वरून हुकूम आहे.”

म्हटलं, “वर कोण रे? वर तर माझा नवरा बसलाय.”

सलाम ठोकून फाटकाकडे गेला.

जेवताना यांना विचारलं. म्हणाले, “माझ्या हातात काय आहे गं? हे लोक मलाही सोडत नाहीत. जुन्या राष्ट्राध्यक्षांचा चाळिसावा दिवस होऊ दे, निवडणूक लागली की आपण घरी.” डोळ्यांत पाणी. दया आली मला. डोकं चेपून दिलं.

गुरुवार, १३

बागेत सत्तावीस झाडं. फाटकापर्यंत एकशे चार पावलं, पुढे बंदूक.

शुक्रवार, १४

वगदीला धरलं. म्हटलं, “तुझ्या लेकीच्या सातव्याला तुझ्या सासूला कोंडली असतीस?” “हाज्जा, तिला तर मी खुशीने कोंडली असती,” म्हणाला. हसला. आत जाऊन हुकमाचा कागदच घेऊन आला.

मला सरकारी भाषा जेमतेम कळते. पण ही सही बत्तीस वर्षं बघतेय, म्हशींच्या दाखल्यांवर. यांचीच. तारीख पहिल्याच दिवसाची. वगदीने हळू वाचून दाखवलं — बायकोला गावी जाऊ देऊ नये, तिचं तोंड आवरत नाही. मुदत, पुढचा हुकूम होईपर्यंत.

चाळिसाव्याचा शब्दच नाही त्यात.

शनिवार, १५

चिठ्ठी त्याच्या, नवऱ्याच्या, ताटाखाली ठेवली. स्वतः लिहिली, या वहीसारख्याच चुका असतील.

खलफ, उद्या रविवारी दुपारच्या नमाजाच्या आत फाटकाशी गाडी, नाहीतर तलाक. हो की नाही, कागदावर लिहून दे. तोंडी काही ऐकणार नाही.